अर्ध्या काठीवरचे आप्पा

माझे वडील मागच्या मुक्तिसंग्राम दिनाला सकाळी वारले आणि दुपारच्या गाडीनं घरी परत आले.

मधल्या वेळात जे काही झालं त्याला जबाबदार मी एकटा. पिंगळीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. तसं माझ्या तोंडून कुणी फारसं काहीच ऐकलेलं नाही. किराणा दुकानात बसून मी "काय पाहिजे?" आणि "अजून?" एवढ्या दोन वाक्यांवर अर्धं आयुष्य काढलं. (लग्न जमवताना सासऱ्यांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं होतं म्हणे, "पोराला वाचा हाय ना?") पण मनात दाबून ठेवलेली गोष्ट आंबते. म्हणून आज झाकण काढतो.

सगळा देश झेंडा लावतो पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. आम्ही मराठवाड्याचे लोक सतरा सप्टेंबरलाही लावतो, कारण निजामाच्या राजवटीतून आम्ही सुटलो ते त्या दिवशी, देशाच्या मागून वर्षभरानं. आप्पा म्हणतात, उशिरा मिळालेली वस्तू जास्त जपावी लागते.

आप्पा म्हणजे गावच्या शाळेतले कवायतीचे मास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला, पण ते फक्त कागदावर. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोरगं पाढे विसरेल, सासुरवाडीचा रस्ता विसरेल, पण झेंड्याचा कायदा विसरणार नाही. केशरी वर. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश. मातीला टेकू द्यायचा नाही. फाटका, मळका लावायचा नाही. घडी अशी घालायची की चक्र वर राहिलं पाहिजे. "आन् झेंडा अर्ध्यावर म्हंजे काय?" असं आप्पा छडी उगारून विचारायचे आणि सगळा वर्ग कौलं हालतील अशा आवाजात ओरडायचा, "देशाचा दुखवटा, गुर्जी!"

आमच्या अंगणात त्यांनी बोअरचा जुना लोखंडी पाइप रोवून झेंड्याची काठी केली आहे. इतकी उंच, की स्टेशनच्या फलाटावरून दिसते. मुंज्याच्या झाडावरून जाणारा पक्षी आमच्या काठीला वळसा घालून जातो. या काठीची दोरी आजवर आप्पांशिवाय कुणी ओढलेली नव्हती. मी पन्नाशीला आलो, डोक्यावरचे केस गेले, दातांपैकी दोन गेले, तरी आप्पांच्या लेखी मी दोरी धरायच्या लायकीचा झालो नव्हतो. मी कडेला फुलांच्या पाकळ्यांचं ताट धरून उभा असायचो, वरमाईसारखा.

पण त्या वर्षी गंगाखेडच्या एका शाळेनं आप्पांना ध्वजारोहणाला बोलावलं. आदल्या दिवशी ते काठीखाली उभं राहून वर बघत म्हणाले, "इशू, दोरी सडली. नवी घाल. उद्या झेंडा तूच लावायचा हाय."

दोरी माझ्या हातात येणार होती. पन्नास वर्षांनी! मला एकच हवं होतं. आप्पांनी गंगाखेडहून परत यावं, मान वर करून झेंडा बघावा आणि काही न बोलता घरात जावं. (आप्पा काही बोलले नाहीत म्हणजे कौतुक. बोलले म्हणजे काय ते सांगायला नको.)

आता माझं पाप ऐका. माझ्या दुकानात दोरीची बंडलं छताला टांगलेली आहेत. नवीकोरी, कागदात गुंडाळलेली. पण एका काठीसाठी अख्खं नवं बंडल फोडायचं? ज्यानं दुकान चालवलं आहे त्यालाच ही कळ समजेल. बाकीच्यांनी नव्या लुगड्याला कात्री लावून पाहावी. माझ्या गल्ल्याखाली एक उरलेला तुकडा पडून होता. मी जुन्या दोरीचा सडका भाग कापला आणि त्या जागी हा तुकडा जोडला. गाठ मजबूत मारली. कागदी लिंबाएवढी झाली.

"घातली का रे नवी?" संध्याकाळी आप्पांनी ओसरीतून विचारलं.

"हो," मी म्हणालो.

माझी बहुतेक वाक्यं एवढीच असतात, त्यामुळे त्यांना संशय आला नाही.

सकाळी आप्पा निघाले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खडू फासलेले कॅनव्हासचे बूट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मोबाइल नेहमीप्रमाणे चार्जिंगला लावून विसरले. दारात थांबून त्यांनी झेंड्याची घडी दोन्ही तळव्यांवर घेतली आणि माझ्या तळव्यांवर ठेवली. देवाचा प्रसाद द्यावा तशी नाही, हं. तान्हं मूल द्यावं तशी.

"तुझ्या भरवशावर सोडून जायलोय," ते म्हणाले.

माझी नजर मात्र दोरीवरच्या त्या लिंबाएवढ्या गाठीकडे गेली.

नऊ वाजता मी काठीखाली उभा राहिलो. सोबतीला बायको सुनंदा, हातात पाकळ्यांचं ताट. (माझी बढती झाली होती, तसं ताट तिच्याकडे गेलं.) आत गॅसवर पुरण शिजत होतं. मी केशरी वर आहे ना ते चारदा बघितलं, झेंडा दोरीला बांधला, छाती भरून घेतली आणि ओढलं. झपकन! झेंडा वर निघाला. वाऱ्यानं पहिला हिसका दिला, तीन रंग मोकळे झाले, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आजवर हे मी कडेनं पाहिलं होतं. दोरी आपल्या हातात असताना तो वर जातो तेव्हा वाटतं, आपण ओढत नाही, तोच आपल्याला उचलतो आहे.

सुनंदानं राष्ट्रगीत सुरू केलं आणि काठीच्या मध्यावर येऊन झेंडा थांबला.

मी ओढलं. थांबलेलाच. गाठ वरच्या कप्पीत जाऊन बसली होती, तोंडात लाडू कोंबल्यासारखी.

आता राष्ट्रगीत चालू असताना हालायचं नसतं. आणि ओढायचं तर हालल्याशिवाय कसं? मी ताठ उभं राहून, ओठ न हलवता, फक्त मनगटानं हिसके द्यायला लागलो. सुनंदा डोळे वटारून गात होती. 'जय हे' झालं तसं तिनं श्वाससुद्धा घेतला नाही.

"ओढा की हो!"

"ओढायलोय की."

"मग खाली घ्या! पुन्हा ओढा!"

मी खाली ओढलं. मग वर. मग दोरीला लोंबकळलो. एवढं सगळं करून काय साधलं, तर गाठ कप्पीत आणखी घट्ट रुतली. झेंडा वर जाईना, खाली येईना. बरोब्बर मधोमध.

"अहो," सुनंदा वर बघत हळू आवाजात म्हणाली, "हे तर अर्ध्यावर झालं."

तीही आप्पांचीच विद्यार्थिनी. लग्नानंतरची.

इतर कुठल्याही गावात याचं काही झालं नसतं. लोकांनी वर बघितलं असतं, झेंडा आहे म्हटलं असतं, चहाला गेले असते. पण हे पिंगळी होतं. इथं दोन पिढ्या कौलं हालवून ओरडल्या होत्या.

पहिला आला मारोती. स्टेशनजवळ त्याचं चहाचं हॉटेल. हातात कपबशीचं फडकं तसंच. तो फाटकातून आत आला, झेंड्याकडे बघून टाचा जुळवल्या, मग माझ्याकडे बघितलं आणि हंबरडा फोडून माझ्या गळ्यात पडला.

"इशूशेठ! आरं, सकाळीच माझ्या हॉटेलावरनं गेले रे गुर्जी! म्हनले, मारोती, साखर कमी टाक! आन् आता..."

मी गोंधळलो. मग डोक्यात प्रकाश पडला.

"मारोती," मी म्हणालो, "आप्पा गंगाखेडला गेलेत."

"दवाखान्यात का?"

"न्हाई रे. ते जिवंत हायेत. दुपारच्या गाडीनं येनार हायेत."

मारोतीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्याचे डोळे वाहत होते. "वाटतंय बाबा तसं. माझा बाप गेला तवा मलाबी आठ दिस वाटायचं, आत्ता येईल, आत्ता दारातनं हाक मारंल. रड. मोकळा हो." आणि फडक्यानं डोळे पुसत तो पळाला. स्टेशनकडे नाही, गावाकडे.

मी ओरडून त्याला थांबवायला हवं होतं. पण ओरडणं हा प्रकार मी कधी केलेलाच नव्हता. आणि थांबवून सांगणार काय? आप्पा ठणठणीत आहेत, झेंडा मी अडकवला, गाठ मी मारली, बंडल मी फोडलं नाही? तेवढं बोलायला मला दिवाळी उजाडली असती.

थोड्या वेळात अंगण भरलं. 'गुर्जी गंगाखेडच्या दवाखान्यात गेले, अँब्युलन्समधून आनायलेत,' असं मारोतीनं गावभर सांगितलं होतं. सुनंदानं बायकांना ठणकावून सांगितलं, "आप्पा ठणठणीत हायेत! कशाला रडायलाव?" तर शेजारच्या सोजरबाईंनी तिला छातीशी धरलं. "बगा गं, सुनेला किती लागलं जिव्हारी. डोस्क्यावर परिनाम झाला लेकीच्या." कुणी तरी आप्पांच्या मोबाइलवर फोन लावला. तो आतल्या खोलीत, आप्पांच्या कोटाखाली, चार्जिंगला लावलेला वाजायला लागला. झालं! रडण्याची नवी लाट आली.

सोजरबाई आत गेल्या आणि गॅस बंद करून आल्या. "या घरात आज चूल पेटवायची न्हाई. मी पिठलं-भाकर आनते."

"मावशी, पुरन हाय गॅसवर! अर्धं शिजलंय!"

"आसू दे, लेकरा. आसू दे."

सुनंदाच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा खरं पाणी आलं, ते पुरणासाठी.

मग आमचे जंगम स्वामी आले, गळ्यात रुद्राक्ष, हातात भस्म आणि बेल. आम्ही लिंगायत; आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवून समाधी देतात. स्वामींनी मला जवळ घेतलं, पण विचारलं कामाचं. "जागा कोनती? मळ्यातली का?" मी तोंड उघडेपर्यंत चार जण कुदळी-फावडी घेऊन मळ्याकडे निघालेही होते. जाताना त्यांची चर्चा कानावर आली.

"खोल घ्या बरं का खड्डा. गुर्जी बसल्यावरबी उंच दिसतेत."

"आन् कडा सरळ काढा. वाकडी रेघ दिसली की झापतेत."

"आता कोन झापतंय रे..." आणि चौघं जागीच रडायला लागले.

इथून पुढचं सांगायला मला खरी लाज वाटते. कारण इथून पुढं मी नाही म्हणायचंच सोडून दिलं.

झालं असं, की माणसं येतच राहिली. कुणाच्या मोबाइलवर आप्पांचा फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं होतं, ते देवगाव फाट्यापर्यंत पोचलं आणि तिथल्या पोरांनी जीप केली. रस्त्यानं जाणारी एसटी आमच्या दारात थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, मागून कंडक्टर, मागून बहुतेक पॅसेंजर. ड्रायव्हर पाचवीत आप्पांकडे होता. रज्जाक वायरमन खांबावर चढलेला तसाच उतरून आला, शिडी खांद्यावर. आणि जो येई, तो आधी काय करी? रडत नसे. फाटकातून आत आला की झेंड्याकडे बघून टाचा जुळवी, क्षणभर ताठ उभा राही, आणि मग रडायला बसे. पाठीला पोक आलेले शेतकरी, पोटं सुटलेले व्यापारी, नातवाला कडेवर घेतलेल्या बाया. सगळे एकाच मापात ताठ.

मी ओसरीच्या खांबाला टेकून बघत राहिलो. एवढी माणसं! मला आप्पा ठाऊक होते ते फक्त खेकसणारे. चपला सरळ ठेव, पाठ सरळ ठेव, हिशोब सरळ ठेव. आणि ही माणसं सांगत होती ते कुणी वेगळेच होते.

"माझ्या पायात बूट नव्हते," ड्रायव्हर म्हणाला, "तर गुर्जी म्हनले, आज सगळ्यांची कवायत अनवानी. सोतःबी बूट काढले."

"शादीनंतर पयल्यांदा माझी ड्युटी लागली, उंच टावरपर चढना था," रज्जाक म्हणाला. "डर लगा तर मनात गुर्जीचा आवाज आला. नजर वर, रज्जाक, नजर वर! चढून गेलो."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. आप्पांनी तर नाहीच. आणि मी खांबाला टेकून, जिवंत बापासाठी ढसाढसा रडलो. मनात आलं, जरा वेळ असंच चालू द्यावं. अजून दोन-चार जणांचं ऐकून घ्यावं. मग सांगू. बाप गंगाखेडला नारळ-शाल घेत असताना मुलगा अंगणात त्याचा दुखवटा चवीनं ऐकत बसला होता, हे आजवर सुनंदालासुद्धा सांगितलेलं नाही. आता ती वाचेल.

स्वामींनी भजनाला टाळ मागवले, आणि स्टेशनात गाडीची शिट्टी झाली.

आप्पांनी मला नंतर सांगितलं त्यांचं काय झालं ते. फलाटावर उतरले आणि सवयीनं त्यांची नजर काठीकडे गेली. झेंडा अर्ध्यावर! देशातलं कुणी तरी मोठं माणूस गेलं असणार. कोण, ते विचारायला मारोतीच्या हॉटेलात गेले, तर हॉटेल उघडं आणि चिटपाखरू नाही. दुकानं उघडी, माणसं नाहीत. कॅनव्हासचे बूट वाजवत ते झपझप निघाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि त्यांना गर्दी दिसली. आपल्या दारात. रडणाऱ्या बायका, भस्म घेतलेले स्वामी. घरात मागं कोण होतं? सून आणि मी.

अंगणात आम्हाला फक्त आवाज ऐकू आला.

"इशू! इशू! आरं, माझा इशू कुठंय?"

पन्नास वर्षांत आप्पांचा हा आवाज मी ऐकला नव्हता. तो कवायतीचा नव्हता. तो फाटलेला होता. गर्दी दुभंगली. सोजरबाईंच्या हातातली पिठल्याची परात खाली गेली. एसटीचा कंडक्टर मागच्या मागं कुंपणावर बसला. स्वामींनी हातातला बेल आप्पांवर टाकावा का खिशात घालावा हे न कळून स्वतःच्याच डोक्यावर ठेवला. आणि आप्पा, खांद्यावर शाल, बगलेत नारळ, चेहरा चुन्यासारखा, गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझे दोन्ही दंड धरले. दाबून पाहिले. मी आहे याची खात्री केली.

तो क्षण मी मरेपर्यंत जपून ठेवणार आहे. फार मोठा नव्हता.

"झेंडा अर्ध्यावर का?" आप्पांनी विचारलं.

कवायतीच्या आवाजात.

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. मी आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य तिथं बोललो. "आप्पा, दोरी अर्धीच नवी हाय, गाठ मारली मी, कप्पीत अडकली, तुमी गेलाव असं समजून ही सगळी आली, आन् मी... मी नीट सांगितलं न्हाई."

"मंजी मी मेलोय?"

"हो."

मागून कुणी तरी हुंदका देता देता हसलं. आप्पांनी वळून गर्दीकडे बघितलं. इतका वेळ शोकात असलेली माणसं एकदम गृहपाठ न केलेल्या पोरांसारखी दिसायला लागली.

"कुनी शिकिवलं तुमाला?" आप्पा कडाडले. "अर्ध्यावर आनायचा झेंडा आधी टोकाला नेतेत, मग खाली आनतेत. हा टोकाला गेलता का? कुनी बघितला? हा अडकल्याला झेंडा हाय, दुखवट्याचा न्हाई! आन् दुखवट्याचा हुकूम सरकार काढतं. कुनासाठी काढतं? राष्ट्रपती, प्रधानमंत्री! मी कोन? ड्रिल मास्तर! आं? मारोती, तू सांग!"

मारोती मान खाली घालून उभा होता. फडक्याला पीळ देत तो पुटपुटला, "आमाला वाटलं गुर्जी... तुमच्यासाठी काढला आसंल सरकारनं."

आप्पांनी मारोतीवर रोखलेलं बोट खाली घेतलं. मग त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, चष्मा काढला आणि शालीच्या टोकानं बराच वेळ पुसला. काच स्वच्छ होती. आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

एवढ्यात मळ्याकडे गेलेले चौघं घामाघूम होऊन फाटकात आले. त्यातला पुढचा ओरडला, "स्वामी, खड्डा तयार..." आणि गुर्जींनाच बघून त्याच्या हातातलं फावडं गळालं.

"कडा सरळ काढल्या का?" आप्पांनी चष्मा लावत विचारलं.

"हो गुर्जी."

"मग केळीचं खोड लावा त्यात. रज्जाक! शिडी घे."

रज्जाक चढला. काठीला शिडी, शिडीवर रज्जाक, दातांत स्क्रू ड्रायव्हर, आणि खाली आख्खं गाव मान वर करून. बराच वेळ त्यानं गाठ कोरली, ढकलली, शिव्या दिल्या (झेंड्यापासून तोंड वळवून, हे मी स्वतः पाहिलं) आणि शेवटी ती कप्पीच्या पलीकडे काढली. तो खाली उतरला. दोरी मोकळी लोंबायला लागली. मी चार पावलं मागं सरकून आप्पांना जागा करून दिली.

आप्पा दोरीपर्यंत गेले. हातात घेतली. माझी गाठ अंगठ्यानं चाचपली. मग दोरी माझ्याकडे केली.

"ओढ. झपकन."

"मी?"

"मग काय मेलेल्या मानसानं ओढायचा?"

मी दोरी धरली. मागून आप्पांचा आवाज आला, "साऽऽवधान!"

आणि काय सांगू! एकाच ठोक्यात, एकाच आवाजात, शेकडो टाचा जुळल्या. पोक आलेल्या पाठी सरळ झाल्या. पोटं आत गेली. खड्डा खणणाऱ्यांनी फावडी खांद्याला लावली. एसटीतली एक म्हातारी खिडकीतूनच ताठ झाली. रडून सुजलेले सगळे डोळे वर. मी ओढलं. झेंडा मध्यावरून सुटला, वर गेला, अजून वर, आणि टोकाला जाऊन वाऱ्यात असा उलगडला की खाली उभ्या सगळ्या गावाच्या छातीतून एक श्वास निघाला. मग राष्ट्रगीत. एसटीचं इंजिन कधी बंद झालं कळलं नाही. मारोतीचा सूर लागत नव्हता, स्वामी एक ओळ पुढं होते, पण मी तसं राष्ट्रगीत पुन्हा ऐकेन असं वाटत नाही.

ते संपलं. मी भीत भीत आप्पांकडे बघितलं. त्यांनी मान वर करून झेंडा बघितला आणि काही न बोलता घरात गेले.

मी जिंकलो होतो! (तेवढ्यात आतून आवाज आला, "पुरन कच्चं कसं काय?" पण ते माझ्या खात्यावर नव्हतं.)

पुढं दुखवट्याचं पिठलं आणि सणाचं पुरण एकाच पंगतीत वाढलं गेलं. रज्जाकला मात्र आप्पांनी घरी जाऊ दिलं नाही. झेंडा उतरवताना गाठ पुन्हा त्याच कप्पीतून यायची होती! बिचारा शिडीच्या पायथ्याशी बसून सूर्य मावळायची वाट बघत राहिला, आणि मावळतीला पुन्हा चढला. मी दोरी सावकाश सोडत गेलो. झेंडा तळव्यांवर आला तेव्हा आप्पांनी माझ्या हातांखाली स्वतःचे हात धरले होते. मला वाटलं, आता काही तरी मायेचं बोलतील.

"इशू," ते म्हणाले, "मी खरंच जाईन तवा बातमी सांगायचं काम तू करू नको. कुनी खरं मानायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी नवं बंडल फोडलं. सव्वीस जानेवारी निभावली, कारण तेव्हा झेंडा आधीच टोकाला बांधून ठेवायचा आणि वरच उघडायचा असतो. खरी परीक्षा एक मेला होती. आप्पांनी दोरी सुनंदाच्या हातात दिली आणि मला फाटकाशी उभं केलं. काम एकच. झेंडा मध्यावरून जाताना गल्लीला मोठ्यानं सांगायचं, "आप्पा हायेत!"

मी सांगितलं. जीव तोडून सांगितलं. आवाज असा निघाला, की शेजारच्या सोजरबाई पदर डोळ्यांना लावत, पिठल्याची परात घेऊनच बाहेर आल्या.